मराठी संपादकांना आणि यूट्यूब वाहिन्या चालवणाऱ्यांना खुले पत्र: ज्यूंचा द्वेष आपल्याकडे नव्हता, तो आणू नका

सप्रेम नमस्कार.

मी रायगड जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतो. हे पत्र कोणा एका संपादकाला उद्देशून नाही. तुमच्यापैकी काही जण सत्ताधाऱ्यांची बाजू मांडता, काही जण विरोधकांची. एकमेकांचे कार्यक्रम तुम्ही पाहता ते बहुधा चुका काढण्यासाठी. तरीही तुम्हा सगळ्यांना मी एकच पत्र लिहितो आहे, कारण ज्यूंच्या बाबतीत दोन्हीकडचा मजकूर दिवसेंदिवस सारखा होत चालला आहे आणि हे तुमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलेलं दिसत नाही.

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलमध्ये सुमारे बाराशे माणसं मारली, अडीचशे जणांना ओलीस नेलं. त्यानंतर इस्रायलने गाझात जे केलं त्यात हजारो मुलं मेली, शहरंच्या शहरं ढिगारा झाली. या बातम्या द्यायलाच हव्यात आणि तुम्ही त्या दिल्यात. माझं म्हणणं त्यांच्या आडून जे येतं त्याबद्दल आहे. मूठभर ज्यू जग कसं चालवतात, प्रत्येक युद्धामागे कोणतं घराणं असतं, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला कोण नाचवतं, अशा मथळ्यांचे व्हिडिओ मराठीत एकामागून एक येत आहेत. त्यांच्याखालच्या प्रतिक्रिया तुम्ही वाचता का? एका बाजूच्या वाहिनीखाली लोक हिटलरला कडवा राष्ट्रभक्त म्हणून मुजरा करतात आणि त्याच श्वासात 'इस्रायलसारखं वागायला हवं' असंही लिहितात. दुसऱ्या बाजूच्या वाहिनीखाली, गाझातल्या जखमी मुलांच्या चित्रांखाली, कोणीतरी लिहितं की हिटलरने काम अर्धवट सोडलं. दोन्हीकडे त्या ओळींना शेकडो अंगठे मिळतात. दोन्हीकडे त्या महिनोन्‌महिने तशाच राहतात.

याचा परिणाम माझ्या वर्गापर्यंत पोचला म्हणून मी लिहायला बसलो. नाझी जर्मनीचा धडा चालू असताना एका मुलाने विचारलं, "सर, पण ज्यूंनी जर्मनीला लुटलंच होतं ना?" मुलगा खोडसाळ नाही. अभ्यासू आहे, घरची माणसं साधी आहेत. त्याने ते मराठीत ऐकलं होतं, शांत आवाजातल्या, अभ्यासपूर्ण वाटणाऱ्या एका व्हिडिओत. मी फळ्यावर दोन आकडे लिहिले. १९३३ मध्ये जर्मनीची लोकसंख्या साडेसहा कोटींच्या घरात होती आणि ज्यू होते साधारण पाच लाख, म्हणजे शंभरात एकही नाही. पहिल्या महायुद्धात सुमारे एक लाख ज्यू जर्मनीच्या गणवेशात लढले, बारा हजार मेले. नंतर त्या सैनिकांच्या विधवा-मुलांनाही गाड्यांत कोंबून नेलं गेलं. वर्ग गप्प झाला. पण असे चाळीस-पन्नास विद्यार्थी माझ्यासमोर असतात, आणि तुमचा एक व्हिडिओ दोन दिवसांत लाखो लोक पाहतात.

मला जे सांगायचं आहे ते महाराष्ट्रातल्याच माणसाला, त्यातही कोकणातल्या माणसाला, सगळ्यात सोपेपणाने कळावं असं आहे. म्हणून आमच्या भागाबद्दल थोडं सविस्तर सांगतो.

अलिबागजवळ नवगाव आहे. तिथल्या किनाऱ्यापाशी फार पूर्वी एक गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या, अशी कोकणातल्या ज्यूंची, म्हणजे बेने इस्राएल समाजाची, परंपरागत कथा आहे. ते कधी आले यावर अभ्यासकांत एकमत नाही. शेकडो वर्षांपूर्वी, एवढं नक्की. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. ज्या गावी राहिले त्या गावाचं नाव आडनावाला लागलं: पेणकर, रोहेकर, दिवेकर, चेऊलकर, नवगावकर, किहीमकर. साडी नेसली, मराठी बोलले, एकोणिसाव्या शतकात तर आपल्या धर्मकथांवर मराठीत कीर्तनं रचली आणि टाळ-पेटीवर गायली. एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने आजही नवस बोलला जातो आणि पोहे, खोबरं, फळं घालून मलिदा होतो. अलिबागला इस्राएल आळी आहे, त्या आळीत त्यांचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, आहे. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग समाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्ये बांधलं. ठाण्याचं १८७९ चं. वरळीकडे जाताना ज्या डॉ. ई. मोझेस रस्त्यावर तुमच्या गाड्या अडकतात, ते डॉ. मोझेस १९३७ मध्ये मुंबईचे महापौर होते आणि बेने इस्राएल होते.

आता तुमचा सिद्धांत या लोकांना लावून पाहा. ज्यू म्हणजे सावकारी रक्त, ज्यू म्हणजे कारस्थानी डोकं, जिथे जातील तिथे पैसा ताब्यात घेणार. मग आमच्याकडच्या ज्यूंनी इतक्या पिढ्या तेल का गाळलं? नंतर ते पलटणीत शिपाई झाले, सुतार झाले, रेल्वेत आणि कचेऱ्यांत कारकून झाले, शाळामास्तर झाले, त्यांच्या मुली परिचारिका आणि शिक्षिका झाल्या. धर्म तोच, शब्बाथ म्हणजे शनिवारची विश्रांती तीच, सुंता तीच, प्रार्थनेतलं 'शेमा' तेच. युरोपात आणि इथे फरक पडला तो भोवतालच्या समाजामुळे. मध्ययुगीन युरोपात बऱ्याच ठिकाणी ज्यूंना जमीन घेता येत नव्हती, कारागिरांच्या श्रेणींत प्रवेश नव्हता. ख्रिस्ती माणसाने व्याज घेणं चर्चने पाप ठरवलं होतं, म्हणून राजांनी ते काम ज्यूंकडे लोटलं आणि कर्ज फार वाढलं की कर्जदारांच्या टोळ्या त्यांच्यावर सोडल्या. इंग्लंडने त्यांना १२९० मध्ये हाकललं, स्पेनने १४९२ मध्ये. १३४८-४९ च्या प्लेगात, विहिरींत विष कालवल्याचा आळ घेऊन स्ट्रासबुर्गसारख्या शहरांत त्यांना जिवंत जाळलं. कोकणात यातलं काहीच घडलं नाही, आणि कोकणातले ज्यू घाणा चालवत राहिले. द्वेषाचं कारण ज्यूंच्या स्वभावात असतं तर ते रेवदंड्यातही दिसलं असतं.

मी हे लिहिताना आपली फार पाठ थोपटत नाही. गावाने त्यांना जागा दिली ती जातींच्या उतरंडीतली एक जागा होती, बरोबरीची नव्हती. आणि इतर समाजांशी आपण कसे वागलो याचा इतिहास मी दरवर्षी शिकवतो, तो अभिमानाने सांगण्यासारखा नाही. पण हा एक विशिष्ट द्वेष आपल्या मातीत उगवला नव्हता. १९५० नंतर बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्रायलला गेले ते छळाला कंटाळून नव्हे. त्यांच्यातली जुनी माणसं आजही हे आवर्जून सांगतात, आणि तिकडे जाऊनही त्यांनी मराठी बोलणं, महाराष्ट्र दिन साजरा करणं सोडलेलं नाही. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तेव्हा एकाही पक्षाने त्यावर वाद घातल्याचं मला आठवत नाही.

हा द्वेष आपल्याकडे प्रथम जिवावर उठला तो बंदुका घेऊन, समुद्रमार्गे येऊन. २६ नोव्हेंबर २००८ ला कुलाब्यातलं नरीमन हाऊस हे ज्यू केंद्र हल्लेखोरांनी योगायोगाने निवडलं नव्हतं. तिथले रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, गॅव्रिएल होल्त्झबर्ग, त्यांची गर्भवती पत्नी रिव्का आणि आणखी चौघं तिथे मारले गेले, ते ज्यू होते एवढ्याच कारणावरून. त्यांच्या दोन वर्षांच्या मुलाला त्याच्या दाईने जिवावर उदार होऊन बाहेर काढलं. त्यानंतर मुंबईतल्या सिनेगॉगच्या दारांवर पोलीस आले. आता तोच द्वेष शब्दांतून येतो आहे, मराठीतून येतो आहे, आणि त्याची वाट तुमच्या कचेरीतून जाते.

तो कसा येतो हेही पाहायला हवं. आपला समाज राजकारणाने इतका दुभंगला आहे की जगात काहीही घडलं तरी 'आपल्या बाजूला काय उपयोगाचं' एवढंच आपण पाहतो. एका गटाला इस्रायल आवडतो, कारण तो मुसलमानांशी लढतो असं त्यांना वाटतं. दुसऱ्या गटाला इस्रायल नकोसा आहे, आणि त्यातल्या काहींना तर पहिल्या गटाला आवडतो म्हणूनच नकोसा आहे. यात ज्यू माणूस, त्याचं घर, त्याची भीती, याला कुठेच जागा नाही. म्हणून इस्रायलचा झेंडा आणि हिटलरचं चित्र एकाच भिंतीवर लावणारे लोक आपल्याकडे निपजले. १९३८-३९ च्या सुमारास आपल्यातल्या काही मान्यवर नेत्यांनी जर्मनीच्या वंशधोरणाची वाखाणणी केली होती, आणि पुढे त्याच विचारधारेने ज्यूंच्या राष्ट्राचं स्वागत केलं. मी नावं घेत नाही, कारण नाव घेतलं की उरलेली चर्चा त्या नावावर होते आणि मुद्दा बुडतो. पण ज्यांनी तो इतिहास वाचला आहे त्यांनी तो लपवू नये.

ज्यूद्वेष फुटलेल्या समाजात इतका फोफावतो याचं एक कारण आहे. तो दोन्ही बाजूंना हवा तसा वळवता येतो. भांडवलशाहीवर राग असलेल्याला ज्यू बँकवाला दिसतो. साम्यवादाची धास्ती असलेल्याला तोच ज्यू क्रांतिकारक दिसतो. २७ ऑक्टोबर २०१८ ला पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये ज्याने अकरा जणांना मारलं, त्याचा राग असा होता की ज्यू संस्था निर्वासितांना अमेरिकेत आणून गोऱ्यांचा देश बुडवत आहेत. २ ऑक्टोबर २०२५ ला, योम किप्पूर या ज्यूंच्या सर्वांत पवित्र दिवशी, मँचेस्टरच्या सिनेगॉगवर हल्ला करणारा आणि त्याच वर्षी १४ डिसेंबरला सिडनीच्या बाँडी किनाऱ्यावर हनुक्का या ज्यू सणाच्या कार्यक्रमात पंधरा जणांचे प्राण घेणारे बापलेक अगदी दुसऱ्या टोकाचे, इस्लामी अतिरेकी विचारांचे. पिट्सबर्गच्या हल्लेखोराचं त्यांच्याशी कशावरही जमलं नसतं. बळी मात्र तेच. बाँडीत एका हल्लेखोराच्या हातातली बंदूक ज्याने निःशस्त्र असताना हिसकावली तो अहमद अल अहमद हा सीरियात जन्मलेला, फळांचं दुकान चालवणारा मुसलमान माणूस होता, हेही तुमच्यापैकी अनेकांनी सांगितलं नाही, कारण ते कुठल्याच बाजूच्या गोष्टीत बसत नव्हतं.

आणि प्रत्येक बाजूला फक्त समोरच्यांचा ज्यूद्वेष दिसतो. २०१७ मध्ये शार्लट्सव्हिलला मशाली घेऊन ज्यूंविरुद्ध घोषणा देत निघालेल्या गोऱ्या तरुणांवर अमेरिकेतले डावे तुटून पडले, उजव्यांतले बरेच जण चाचरले. ब्रिटनमध्ये मजूर पक्षाने ज्यू सदस्यांच्या बाबतीत कायद्याचा भंग केला असं समानता आणि मानवी हक्क आयोगाने ऑक्टोबर २०२० मध्ये अधिकृतपणे नोंदवलं, तेव्हा पक्षातल्या पुष्कळांनी ते विरोधकांचं राजकारण म्हणून झटकून टाकलं. मधल्या मध्ये ज्यू कुटुंबं मात्र मुलांना शाळेत जाताना डोक्यावरची टोपी खिशात ठेवायला सांगत राहिली.

वृत्तपत्रांचा यातला वाटा जुना आहे. १८९४ मध्ये फ्रान्सच्या सैन्यातला ज्यू कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफ्यूस हेरगिरीच्या खोट्या आरोपात पकडला गेला. त्याच्या अटकेला सनसनाटी बातमी केलं ते एदुआर द्रुमोंच्या 'ला लिब्र पारोल' या, ज्यूद्वेषावरच चालणाऱ्या पत्राने. पुढची बारा वर्षं फ्रान्स उभा चिरला गेला, जेवणाच्या टेबलावर भाऊ भावाशी बोलेना. ड्रेफ्यूस निर्दोष ठरला १९०६ मध्ये. त्याच्या आयुष्याची चार वर्षं तोवर डेव्हिल्स बेटावरच्या कोठडीत गेली होती.

दुसरं उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण ते तुमच्या व्यवसायाला अभिमान वाटावा असं आहे. ज्यू म्हातारे गुप्त बैठका घेऊन जग ताब्यात घेण्याची योजना आखतात, असं सांगणारे बनावट 'इतिवृत्त' १९०३ मध्ये रशियात एका वर्तमानपत्राने छापलं. मे १९२० मध्ये लंडनच्या 'द टाइम्स'नेही ते खरं असू शकेल अशा सुरात त्यावर लेख लिहिला. पण ऑगस्ट १९२१ मध्ये त्याच 'टाइम्स'चा इस्तंबूलमधला वार्ताहर फिलिप ग्रेव्ह्स याने पुराव्यानिशी दाखवून दिलं की हा मजकूर मॉरिस जोली या फ्रेंच वकिलाने १८६४ मध्ये तिसऱ्या नेपोलियनवर टीका करायला लिहिलेल्या पुस्तिकेतून ओळीच्या ओळी चोरलेला आहे, आणि त्या मूळ पुस्तिकेत ज्यूंचा संबंधच नव्हता. 'टाइम्स'ने ते तीन दिवस आपल्याच पानांवर छापलं. तुमच्या व्हिडिओंतली ती 'गुप्त योजना' हीच आहे. शंभर वर्षांपूर्वी खोटी ठरलेली. रॉथशिल्ड या ज्यू बँकर घराण्याने वॉटर्लूच्या लढाईची बातमी आधी मिळवून इंग्लंडचा बाजार लुटला ही गोष्टही तशीच, लढाईनंतर एकतीस वर्षांनी, १८४६ मध्ये 'सैतान' या टोपणनावाने निघालेल्या एका पत्रकातली. तिसाव्या सेकंदाला तुम्ही ती इतिहास म्हणून सांगता.

कौतुकाच्या व्हिडिओंबद्दलही मला बोलायचं आहे, कारण त्यात काय वाईट असं तुम्ही म्हणाल. गरोदर ज्यू स्त्रिया गणितं सोडवतात, बदाम आणि मासे खातात, म्हणून त्यांची मुलं हुशार निघतात आणि जगातला पैसा त्यांच्याकडे जातो, हा मजकूर आपल्या सगळ्यांच्या फोनवर येऊन गेला आहे. तुमच्यापैकी काहींनी त्यावर यशाची सूत्रं सांगणारे कार्यक्रम केले. त्यातही माणूस नाहीच, एक अमानुष शक्ती असलेली जमात आहे. आज जिचं कौतुक वाटतं तिच्याबद्दल उद्या नोकरी गेली, बाजार पडला की संशय वाटायला एक पाऊलही लागत नाही. जगात आज सगळे मिळून सुमारे दीड कोटी ज्यू आहेत. १९३९ मध्ये याहून जास्त होते. साठ लाख मारल्यानंतर ऐंशी वर्षांतही ती संख्या भरून आलेली नाही. जग चालवणाऱ्यांची अशी अवस्था होत नाही.

मग इस्रायलवर टीका करायची नाही का? जरूर करायची, मीही करतो. गाझातली उपासमार, पश्चिम किनाऱ्यावरच्या वसाहती, नेतान्याहू सरकारचे निर्णय, यांवर कठोर बोलणं हा ज्यूद्वेष नाही. २०२३ मध्ये त्याच सरकारविरुद्ध लाखो इस्रायली नागरिक महिनोन्‌महिने रस्त्यावर होते. आपल्याच माणसांचं उदाहरण घ्या. इस्रायलच्या धर्मपीठाने साठच्या दशकाच्या सुरुवातीला बेने इस्राएलांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली, त्यांच्या लग्नांत अडथळे आणले. आपल्या पेणकर-रोहेकरांनी तिथे निदर्शनं केली, ठिय्या दिला, आणि १९६४ मध्ये सरकारला त्यांची बरोबरी मान्य करावी लागली. इस्रायली सत्तेला जाब विचारणं म्हणजे ज्यूद्वेष, असं धरलं तर त्या मराठी ज्यूंनाच द्वेष्टे म्हणावं लागेल. गांधीजींनी २६ नोव्हेंबर १९३८ च्या 'हरिजन'मध्ये एकाच लेखात म्हटलं होतं की माझी सहानुभूती पूर्णपणे ज्यूंच्या बाजूने आहे, आणि पॅलेस्टाइन मात्र अरबांचं आहे. जर्मनीतल्या ज्यूंना त्यांनी दिलेला सत्याग्रहाचा सल्ला मला पटत नाही. पण दोन्ही गोष्टी एका मनात राहू शकतात एवढं त्या लेखावरून दिसतं.

तर तुमच्याकडे मागणं काय ते स्पष्ट लिहितो. हिटलरची भलामण करणारी प्रतिक्रिया तुमच्या पानावर दिसली की ती काढा, आईबहिणीवरून दिलेली शिवी जशी काढता तशी. त्यासाठी माणूस नेमावा लागेल, तर नेमा. त्या प्रतिक्रियांमुळे वाढलेल्या प्रेक्षकसंख्येचे पैसे तुम्हाला मिळतात. नेतृत्वगुण सांगणाऱ्या यादीत शिवाजी महाराजांच्या आणि बाबासाहेबांच्या ओळीत हिटलरचं वाक्य छापू नका. मी हे पाहिलेलं आहे, म्हणून सांगतो. इस्रायली सैन्याने केलं ते इस्रायली सैन्याने केलं असंच मथळ्यात येऊ द्या, ते ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये शुक्रवारी संध्याकाळी जमणाऱ्या म्हाताऱ्यांच्या माथी जाईल असं लिहू नका. ज्यांनी रॉथशिल्डच्या आणि गुप्त इतिवृत्ताच्या गोष्टी खऱ्या म्हणून सांगितल्या, त्यांनी ते व्हिडिओ मागे घ्यावेत आणि तितक्याच ठळकपणे खुलासा करावा. आणि आपल्या बाजूच्या नेत्याने, आपल्या बाजूच्या लेखकाने ज्यूंविषयी विखारी बोललं, तर ती बातमी आधी तुम्ही द्या. समोरची बाजू देईल याची वाट पाहू नका.

मी पाहिलेल्या अशा व्हिडिओंची आणि लेखांची यादी, त्यातल्या चुकीच्या विधानांसह, संबंधित वाहिन्यांना आणि संपादकांना वेगळ्या पत्राने पाठवली आहे. इथे नावं टाकली नाहीत, कारण तुम्हाला दुरुस्तीची संधी आधी मिळायला हवी. ज्यांना या विषयावर नीट कार्यक्रम करायचा असेल त्यांना मी अलिबाग, नवगाव आणि पेणच्या दफनभूमी, सिनेगॉगं दाखवायला आनंदाने येईन. बोलायला तयार असलेली माणसंही आहेत. त्यांची अट एकच आहे, की नेतान्याहूंच्या वतीने उत्तरं मागू नयेत. त्यांना कोकणाबद्दल, घाण्याबद्दल आणि मलिद्याबद्दल बोलायचं आहे.

आपला,
रायगड जिल्ह्यातला एक इतिहास शिक्षक